मामाजींचं वावर आणि आठ सेल

परवा दसऱ्याच्या तोंडावर आमच्या टीव्हीच्या रिमोटनं मान टाकली. मी चौकातून दोन नवे सेल आणले, रिमोटचं मागचं झाकण उघडलं, जुने काढले आणि हाताच्या सवयीनं दोन सेल गच्चीवर नेऊन उन्हात ठेवले. तासाभरानं खाली येऊन बटण दाबतो, तर टीव्ही ढिम्म. रिमोट दोनदा तळहातावर आपटला. मग डोक्यात उजेड पडला. गच्चीवर, दसऱ्यासाठी धुऊन वाळत घातलेल्या गोधड्यांच्या शेजारी कोरे करकरीत नवे सेल ऊन खात पडले होते, आणि मेलेली जोडी मी मोठ्या मायेनं परत रिमोटमध्ये निजवली होती.

कुंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, हे पाहिलं आणि तडक पुण्याला मुलीला फोन लावला. "तुह्या बाबानं एवढी वर्षं पोराईले विद्युतधारा शिकवली," ती मला ऐकू जाईल अशा बेतानं सांगत होती. "त्या पोराईच्या घरी लाइट तरी लागत असन का गं?"

 मी शाळेत सायन्स शिकवायचो हे खरं आहे. पण सेल उन्हात ठेवणं ही सायन्सची गोष्ट नाही, ती आमच्या पिढीची श्रद्धा आहे. रेडिओचे सेल उतरले की आमच्या घरी ते आधी उन्हात जायचे, मग दाताखाली जायचे आणि अगदीच गतप्राण झाले तरच उकिरड्यावर. त्यातून दोन दिवसांच्या बातम्या जास्त मिळायच्या. कशा मिळायच्या ते विचारू नये.

पण त्या गोधड्यांच्या वासात, दसऱ्याच्या त्या टोचऱ्या उन्हात उभा राहिलो आणि मला एकदम ते साल आठवलं. भारनियमनाचे दिवस होते ते. त्या वर्षी पोळ्यापासून दिवाळीपर्यंत माझ्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी सेल असायचे. चालताना खुळखुळायचे. शाळेतली पोरं मागून म्हणायची, सर आले.

त्याआधीची बरीच वर्षं आमच्याकडे रोलचा कॅमेरा होता. छत्तीस फोटोंचा रोल. गणपतीत घातलेला रोल होळीला धुवायला जायचा, कारण छत्तिसातले चार शिल्लक आहेत म्हणून सगळं घर थांबायचं. शेवटी ते चार फोटो कुंडीतल्या गुलाबाचे निघायचे. मग पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या धाकट्या भावानं नवा डिजिटल कॅमेरा घेतला आणि जुना मला दिला. हातात साबणाच्या वडीएवढा, पण जड. पोटात चार पेन्सिल सेल. भाऊ म्हणाला, "दादा, आता मोजू नको. हवे तेवढे फोटो काढ."

त्यानं सांगितलं नाही, की मोजणं संपत नसतं, ते फक्त जागा बदलतं. पूर्वी रोल मोजायचो, आता सेल मोजायला लागलो. साधे सेल घातले तर कॅमेरा एक फोटो काढायचा, नाक बाहेर काढून तसाच थिजायचा. म्हणून चार्जिंगचे सेल घेतले, चार चारचे दोन संच. एक पोटात, एक खिशात. चार्जर आठ-नऊ तास घ्यायचा, आणि सलग आठ-नऊ तास लाइन असणं ही त्या काळात चैन होती. वर्ध्याला सकाळी जायची, दुपारी जायची. खेड्यात तर आली कधी हेच लोक लक्षात ठेवायचे. "लाइन आली!" अशी आरोळी गल्लीच्या त्या टोकाला उठली, की या टोकापर्यंत मिक्सर, पाण्याची मोटर, इस्त्री, पिठाची चक्की, सगळं एकदम बोलायला लागायचं. त्या गोंधळात मी एका कोपऱ्यात चार्जरच्या लाल दिव्याकडे पाहत बसलेला. कुंदा म्हणायची, "दूध तापत ठेवल्यासारखे काऊन बसून राह्यले? उतू नाई जात ते."

भरलेल्या सेलना मी लाल रबर लावायचो, रिकाम्यांना हिरवं. पद्धत माझी स्वतःची. तिचा मला थोडा अभिमानही होता. सेलच्या अंगावर कुठं लिहिलेलं असतं का, की मी भरलेला आहे? माणसाचं निदान तोंड पाहून कळतं. आता फोनवर टक्के दिसतात. सत्तावन्न टक्के, अठरा टक्के. माझी मुलगी वीस टक्क्यांवर आली की तिचा चेहरा उतरतो. आमच्या त्या कॅमेऱ्याला टक्के माहीत नव्हते. तो शेवटपर्यंत ठणठणीत असायचा, आणि मग मध्येच लाल खूण दाखवून डोळे मिटायचा.

त्या वर्षी पोळ्यानंतर आमचे मामाजी बैलबंडीवरून उतरताना पडले. मामाजी म्हणजे माझे सासरे. हिंगणघाटच्या अलीकडे, वणा नदीच्या अंगाला त्यांचं गाव, आणि गावाबाहेर त्यांचं कापसाचं वावर, म्हणजे शेत. मांडीचं हाड मोडलं. सेवाग्रामच्या दवाखान्यात ऑपरेशन चांगलं झालं, पण पाय वजन बांधून लटकवलेला आणि सहा आठवडे पाठीवर. माझा साळा विलास त्यांच्याजवळ असायचा. मी रोज शाळा सुटल्यावर सायकलनं जायचो. मामाजी पायाबद्दल कधीच बोलायचे नाहीत. छताकडे पाहत विचारायचे, "वर्ध्यात ऊन कसं आहे?"

ते पराटीसाठीचं, म्हणजे कापसाच्या झाडांसाठीचं विचारणं होतं. बोंडं फुटायचे दिवस. त्यांच्या घरची रीत अशी, की पहिल्या वेचणीआधी वावरात सीतादही करायचं. चांगली डवरलेली पराटी पाहून तिला हळद-कुंकू, दहीभाताचा नैवेद्य, थोडा दहीभात चारी दिशांना शिंपडायचा, म्हणजे वावर दह्यासारखं पांढरं होऊ दे. मग मामाजी पहिलं बोंड तोडून मामींच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, पदरात टाकायचे. चाळीस वर्षं हे चुकलं नव्हतं.

"सीतादही करून घ्या," मामाजी त्या दिवशी म्हणाले. "पन येचणी मी पाह्यल्याबिगर लावायची नाई."

"बाबा, तुम्ही कसे पाहान?" विलास म्हणाला. "दसऱ्यानंतरच्या बाया ठरल्या आहेत. आपण नाई लावली तर त्या दुसऱ्याच्या वावरात जातीन. अन् आभाळ पाहा."

"अर्धं फुटलेलं येचलं का कवडी येते, कच्चा माल. तुमाले बोंड समजते का? तुह्या मायले समजते का?"

मामी पलंगाच्या पायथ्याशी डब्याचं झाकण लावत होत्या.  झाकण जरा जोरात लागलं.

विलासनं माझ्याकडे पाहिलं. कापूस ओला झाला तर वर्षभराची मेहनत काळी पडणार, हे त्यालाही कळत होतं, मामाजींनाही. पण चाळीस वर्षं ज्यानं वावराला 'हो' म्हटलं, त्याला पलंगावर टांगून ठेवून परस्पर वेचायचं, हे कोणाच्या तोंडून निघेना. आणि अशा नाजूक वेळी बोलू नये ते बोलायची मला जन्मजात खोड. मी म्हणालो, "मामाजी, मी वावरच इथं आणून दाखवतो."

मामाजींनी पहिल्यांदा छतावरून नजर काढली. "कसं?"

मी खिसा खुळखुळवला.

आता मागं वळून पाहतो तर वाटतं, त्या दिवशी मी खरं तर स्वतःवरच खूश झालो होतो. जावयाला सासरी उपयोगी पडायची संधी कितीदा येते? आठ सेलपैकी चार शाळेच्या प्रयोगशाळेत लाइन येईल तेव्हा लावून दोन दिवसांत पूर्ण भरले, लाल रबर. उरलेले चार शाळेच्या स्नेहमेळाव्यात रिकामे झालेले, हिरवं रबर. दसऱ्याला कुंदाला घेऊन मी सासरी पोचलो. चार्जर वर्ध्याला, फडताळात राहिला. नाही तरी गावात त्याला लावायला लाइन कुठं होती? भरलेले चार पुरेत, असा माझा हिशेब. सायन्सचा माणूस.

सासरी दसऱ्याची पूजा मामाजी करायचे. या वर्षी मामींनी केली. अंगणात पाटावर विळे, कुऱ्हाड, डवऱ्याची पास, कापूस मोजायचा काटा, सगळं धुऊन पुसून मांडलं. मी नदीवर अंघोळीला गेलो होतो. परत आलो तर पाटावर माझा कॅमेरा, त्यावर झेंडूचं फूल, आणि पुढे ताटलीत आठही सेल ओळीनं मांडलेले. प्रत्येकाच्या कपाळी हळद-कुंकू, अक्षता.

"रबर?" मी विचारलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"काढून ठेवले ना," मामी म्हणाल्या. "पूजेत रबर कशाले? मळकट झालते. सेलही पुसून काढले सोड्यानं. कसे चमकून राह्यले पाहा."

देवापुढे सगळे सारखे झाले होते. मी सेल एकेक करून हातात घेतले, वजन पाहिलं, कानाशी नेले. चोरून एकाला जीभही लावली. कुंकवाची चव आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वावरात गेलो. ते वावर मी आधीही पाहिलं होतं, पण जावई पाहतात तसं, म्हणजे धुऱ्यावरून, बांधावर उभं राहून, हातात हुरडा घेऊन. त्या सकाळी पहिल्यांदा नीट पाहिलं. दव अजून उतरलं नव्हतं. पराटीचा तो हिरवट, थोडा कडू वास. खालची बोंडं फुटून कापूस लोंबत होता, वरची अजून मिटलेली, काही चोचीएवढी उघडलेली. फुटलेलं आणि फुटायचं एकाच झाडावर. पश्चिमेकडे मात्र राखेसारखे ढग होते आणि पाठीला घाम फुटत होता. "उकडून राह्यलं," मामींचा जुना गडी सदाशिव म्हणाला. "दोन-तीन दिसांत पानी येते."

मी अदमासानं चार सेल निवडून कॅमेऱ्यात घातले. कॅमेऱ्यानं नाक बाहेर काढलं, लाल खूण दाखवली आणि नाक तसंच ठेवून डोळे मिटले. दुसरे चार घातले. नाक आत गेलं, एवढीच प्रगती. म्हणजे दोन्हीकडे भेसळ. चारातला एक मेलेला असला तरी बाकीचे तीन त्याच्यासोबत जातात. मी मातीत उकिडवा बसून बोटांवर मोजू लागलो.

"काय करून राह्यले?" कुंदानं विचारलं.

"आठातून चार निवडायचे सत्तर प्रकार होतात," मी म्हणालो.

"मंग बसा. पानी आलं का उठजा."

मी सेल तळहातात चोळले, काखेत धरले, उन्हात मांडले. ऊन ढगात गेलं. मामी हातात दहीभाताचं पातेलं घेऊन उभ्या. पाहत होत्या. मग त्या सदाशिवकडे वळल्या. "सदाशिव, तुहा रेडू आन रे."

सदाशिव रानडुकरं हाकलायला मचाणावर बसायचा, तिथं त्याचा एक तळहाताएवढा रेडिओ असायचा. दोन पेन्सिल सेलवर चालणारा. मामींनी त्यातली जोडी काढली, माझे सेल दोन दोन करून आत घातले. एक जोडी मुकी, एकीला नुसती खरखर. जोड्या बदलल्या. मध्येच कोणीतरी बाई पिकांवरची फवारणी सांगायला लागली, इतक्या मोठ्यानं की पराटीतलं पाखरू उडालं. मामींनी ते दोन सेल पदराच्या टोकाला बांधले. पाच मिनिटांत चार मिळाले.

"तुमच्या शाळेत रेडू नाई का?" मामींनी विचारलं. टोमणा होता का, मला आजही ठरवता आलेलं नाही. त्यांचा चेहरा गंभीर होता.

कॅमेरा जिवंत झाला. मी एक फोटो काढला, पडद्यावर पाहिला आणि तिथंच चूक झाली. मामींनी पाहिला. कुंदानं पाहिला. सदाशिवनं पाहिला. धुऱ्यापलीकडच्या वावरात निंदणाऱ्या चार बाया डोक्याचे रुमाल सोडत आल्या. "आमचा काढा ना मास्तर." काढला. "दाखवा." दाखवला. "ही गंगू डोळे मिटून आहे, परत काढा." परत काढला. मी नाही म्हणणार कसा? आयुष्यात पहिल्यांदा इतक्या लोकांना माझं काम आवडत होतं. मग लाल खूण दिसली. पडदा बंद केला, डोळा काचेला लावून वरच्या धुऱ्याकडचा एक काढला, विहिरीकडचा एक.

मग सीतादही झालं. मामींनी पराटीला कुंकू लावलं, दहीभात शिंपडला. पहिलं बोंड तोडायची वेळ आली तेव्हा त्या थांबल्या. त्यांच्या उजव्या हाताला मामाजी उभे राहायचे, तिथं कोणीच नव्हतं. कुंदा पुढे सरकली, पण मामींनी मानेनंच नाही म्हटलं. स्वतःच बोंड तोडलं, स्वतःच्याच पदरात टाकलं. मी कळ दाबली. तो शेवटचा.

वर्ध्याच्या एसटीत, मामी आणि कुंदाच्या शेजारी, मी कॅमेऱ्यातून सेल काढून हातात धरून बसलो होतो. कोंबडीनं अंडी उबवावी तसा. आज मुलीच्या बॅगेत चार्जिंगची ती वेगळी वीट असते. दोन दिवस फोन उपाशी राहत नाही. बरं आहे. मला जुनं ते सोनं म्हणायची हौस नाही. मुठीत चार सेल धरून चाळीस किलोमीटर बसावं लागू नये कोणाला. पण मी तसा बसलो होतो आणि आनंदात होतो, हेही लिहून ठेवतो.

चार वाजता दवाखान्यात भेटायची वेळ सुरू झाली. विलासनं उशी लावून मामाजींना थोडं उचललं. मी सेल घातले, लाल खूण लुकलुकली, पण पडदा लागला. "लवकर पाहा मामाजी," मी म्हणालो आणि कॅमेरा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो हातभर लांब धरला. मग नाकाशी आणला.

दरम्यान मामींनी पदराची गाठ सोडली. सेल होते ती नव्हे, दुसरी. त्यात सकाळची पाच-सहा बोंडं होती. त्या ती मामाजींच्या पांघरुणावर ठेवून बाजूला झाल्या. माझं लक्ष लाल खुणेवर होतं.

"हे वरच्या धुऱ्याकडलं," मी म्हणालो.

"दिसून राह्यलं." मामाजींनी डाव्या हातानं एक बोंड उचललं, त्यातला कापूस बोटांच्या चिमटीत धरून ओढला, परत जुळवला, परत ओढला. "धुऱ्यावर तण तसंच आहे. सदाशिवनं काढलं नाई."

"हे विहिरीकडलं."

"तिकडली पराटी ठेंगणीच राह्यते." बोंडाची पाकळी त्यांनी अंगठ्यानं मोडून पाहिली. कट्‌ असा कोरडा आवाज आला.

"आणि या मामी. पहिलं बोंड तोडताना."

या फोटोवर मामाजी थांबले. कॅमेरा नाकाशी, बोटांत कापूस. वॉर्डातली भांडी, दारावरची माणसं, सगळं आपापलं चाललं होतं. मी मनात म्हणत होतो, थांब रे बाबा, आणखी अर्धा मिनिट थांब.

"इतकं काय पाहता?" मामी म्हणाल्या. "मी इथंच उभी आहो ना."

पडदा विझला.

"गेला," मी म्हणालो. "मामाजी, बाकीचे उद्या—"

"राहू द्या. पाह्यलं." त्यांनी कॅमेरा मला परत दिला, बोंड दिलं नाही. ते मुठीतच होतं. मग विलासकडे न पाहता, माझ्याकडे न पाहता, मामींना म्हणाले, "उद्यापासून लाव येचणी. खालचा कापूस आधी घेजो. वरचा आठ दिस राहू दे." थोडं थांबून म्हणाले, "समजते तुले."

मामींनी डबा उचलला. झाकण नीट लागलेलं होतं, तरी त्यांनी ते परत उघडून परत लावलं. दुसऱ्या दिवशी बाया लागल्या, आणि पाणी आलं ते खालचा सगळा कापूस घरात आल्यावर. मामाजी दिवाळीनंतर काठी घेऊन वावरात गेले. पुढे बरीच वर्षं गेले. पण पहिलं बोंड मात्र मग मामीच तोडायच्या, ते काठी टेकून बाजूला उभे राहायचे.

त्या संध्याकाळी सेवाग्रामच्या बस थांब्यावर मी कुंदाजवळ बसलो होतो. अंगात विजय संचारलेला. "पाहिलंस?" मी म्हणालो. "अख्खं वावर दाखवलं मी त्यांना. शेवटच्या थेंबापर्यंत पुरवले सेल. तणसुद्धा दिसलं त्यांना!"

 तिकिटाचे सुटे काढायला कुंदानं पर्स उघडली, आणि आधी तिच्या हाताला एक चष्मा लागला. जाड काचांचा, एका दांडीला दोरा गुंडाळलेला. मामाजींचा.

"स्क्रू निघालता," ती म्हणाली. "चार दिवस झाले, दुरुस्त करायले आनलता. आज द्याचा होता, तुमच्या घाईत राहूनच गेला."

मी चष्म्याकडे पाहत राहिलो. "म्हणजे मामाजींना…"

"पांढरं-हिरवं काही दिसलं असन."

"आणि धुऱ्यावरचं तण?"

"ते दरसाल असते."

बस आली. कुंदानं चष्मा रुमालात गुंडाळून परत पर्समध्ये ठेवला आणि उठताना म्हणाली, "बाबाले काही विचारू नका बरं. पाह्यलं म्हन्ले ना ते? मंग पाह्यलं."